आचारसंहितेतला बाक

सप्टेंबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी उंटरश्लाइसहाइमच्या ऑफिसातून परतले, आमच्या स्टेशनबाहेर सायकलचं कुलूप काढायला वाकले आणि वर पाहते तो खांबावर पहिला चेहरा. चष्मा, निळा कोट, बेतानं हसू, खाली गावाचं नाव घालून दिलेलं एक गुळगुळीत वचन. पुढच्या खांबावर दुसरा चेहरा. त्याच्या पुढच्यावर एक बाई. पुठ्ठे प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेले, अजून पावसाचा एक थेंबही न लागलेले. सायकल हातात धरून मी सगळा रस्ता चालत आले, एकेक चेहरा वाचत. सहा वर्षांनी आमच्या गावात महापौराची निवडणूक आली होती, आणि घरात लग्न निघाल्यासारखं मला काही सुचेना. दारातच नवऱ्यानं, निखिलनं, विचारलं, "भाजी आणलीस का?" मी म्हटलं, "चार उमेदवार आहेत."

बायर्नमधल्या, म्हणजे जर्मनीच्या दक्षिणेतल्या आमच्या राज्यातल्या, बहुतेक गावांच्या निवडणुका मार्चमध्ये एकदमच होतात. आमची मात्र ऑक्टोबरात. कधीकाळी इथला एक महापौर आजारपणामुळे मधेच पायउतार झाला, नवा निवडावा लागला, आणि तेव्हापासून आमचं पंचांग वेगळं. त्यामुळे आमच्या निवडणुकीला तिचा स्वतःचा वास आहे. ओल्या पाचोळ्याचा, गावाबाहेरच्या कोबीच्या शेतांचा, शनिवारच्या बाजारात उमेदवार फुकट वाटतात त्या सफरचंदांचा. चेस्टनटची तपकिरी फळं फुटपाथवर टपटप पडत असतात आणि पोरं ती खिशात कोंबून घरी आणतात. एखाद्या दिवशी दक्षिणेचा कोरडा, कोमट वारा सुटतो आणि एरवी न दिसणारे आल्प्सचे डोंगर एकदम गावाच्या टोकाशी येऊन उभे राहतात. त्या वाऱ्यानं इथल्या म्हाताऱ्यांची डोकी दुखतात. माझं डोकं त्या दिवसांत भलतंच चालतं, असं निखिल म्हणतो, आणि तो ते कौतुकानं म्हणत नाही.

या सगळ्या वासांमध्ये माझ्यापुरते नाना असतात. नाना म्हणजे माझे सासरे. मागच्या निवडणुकीच्या वेळी ते आमच्याकडे होते.

नानांनी छत्तीस वर्षं एका महानगरपालिकेच्या नगरसचिव कार्यालयात काढली. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त लिहायचं, ठराव टंकायचे, सभागृहात कोण काय बोललं आणि काय बोलायचं टाळलं हे दोन्ही लक्षात ठेवायचं. आपल्याकडची व्यवस्था त्यांनी एका वाक्यात बसवलेली आहे: "महापौर म्हणजे हार, आयुक्त म्हणजे सही." लोक नगरसेवक निवडतात, नगरसेवक महापौर निवडतात, महापौर सभागृहात उंच खुर्चीवर बसतात. कचेरी मात्र चालवतो सरकारनं पाठवलेला आयुक्त. नानांनी कितीतरी महापौरांचे सत्कार पाहिले होते, आणि प्रत्येक सत्काराच्या वेळी फाईल कुठल्या खोलीत आहे हेही त्यांना ठाऊक असायचं.

त्यांतल्या एकाच महापौरांना नाना विसरले नाहीत. नाव घेत नाहीत, नुसतं "बाई" म्हणतात. बाईंना महापालिकेच्या प्रसूतिगृहाबाहेर एक शेड आणि चार बाक हवे होते. बाळंतिणींबरोबर आलेल्या बायका तासन्‌तास कठड्याला टेकून उभ्या असत, ते बाईंना बघवत नसे. ठराव नानांनी टंकला. एकमतानं मंजूर झाला, विरोधकांनीही हरकत घेतली नाही. मग तो आयुक्तांकडे गेला आणि तिथेच राहिला. बाई दर आठवड्याला नानांच्या टेबलाशी येऊन विचारायच्या, "आला का हो कागद?" मुदत संपली त्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं शहर माझ्या हातात दिलंय. हातात फक्त कात्री होती." फिती कापायची. ही गोष्ट सांगताना नाना दर वेळी चहाचा कप खाली ठेवतात.

त्या वर्षी जुलैमध्ये नाना तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. सासूबाई जाऊन आठ महिने झाले होते. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ते एकटेच दोन वेळचा वरणभात लावत, आणि फोनवर "मजेत आहे" इतकंच सांगत. आम्हाला वाटलं होतं, इथे माणसांत आले की खुलतील. पण इथली माणसं सकाळी आठला घराबाहेर पडतात. आमची इरा तेव्हा सात वर्षांची, मराठी सगळं समजायचं पण उत्तर जर्मनमध्ये द्यायची. मग नानांना तळं सापडलं. घरापासून वीस मिनिटांवर एक लहानसं तळं आहे, तिथे दुपारी पाच-सहा निवृत्त म्हातारे डांबरी पट्टीवर लाकडी गोटे सरकवण्याचा खेळ खेळतात. नाना काठावर उभं राहून मान डोलवायचे. चौथ्या दिवशी त्या लोकांनी त्यांच्या हाती गुणांचा फळा दिला. नानांना लिहायचं काम मिळालं, आणि त्या रात्री त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

वाटेत, रेल्वेच्या भुयारी रस्त्यापलीकडे चढ सुरू होतो तिथे, चेस्टनटखाली एक बाक होता. नानांचा उजवा गुडघा त्या बाकापर्यंतच चालायचा. तिथे दहा मिनिटं बसलं की पुढची दहा मिनिटं मिळायची. ऑगस्टच्या सुरुवातीला इंटरनेटच्या केबलसाठी रस्ता खणला, बाक उचलून नेला, केबल टाकली, खड्डा बुजवला, वर सुंदर गुळगुळीत फरशी बसवली. बाक काही परत आला नाही. नानांनी एकदा तसंच जायचा प्रयत्न केला आणि अर्ध्या चढावर झाडाला धरून उभे राहिलेले एका शेजाऱ्याला दिसले. त्यानंतर ते बाल्कनीत बसू लागले. तिसऱ्या दिवशी चहा पिताना मला म्हणाले, "केतकी, आधीचं तिकीट मिळतं का बघ." मला एकदम रडू आलं. त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये त्यांना एक लाकडी फळी नाही म्हणून परत पाठवायचं?

"नाना, अर्ज करू," मी म्हटलं.

त्या एका शब्दानं त्यांच्या पाठीचा कणा सरळ झाला. त्यांनी कोरा कागद मागितला. समास सोडला. विषय, संदर्भ, महोदय. "प्रति" लिहून थांबले आणि म्हणाले, "इथला आयुक्त कोण?" मी म्हटलं, इथे महापौरच सगळं बघतात. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "असं सगळीकडेच सांगतात. कचेरी चालवणारा कुणीतरी असेलच." मी राटहाउसच्या, म्हणजे गावाच्या कचेरीच्या, वेबसाइटवर शोधलं. कारभारी अधिकारी म्हणून एक गृहस्थ होते. "हाच तो," नाना म्हणाले. मी जर्मन केलं, तीन प्रती काढल्या, आणि आम्ही दोघं बसनं गेलो. काउंटरवरच्या मुलीला मी अवघडून म्हटलं की सासऱ्यांना पोच हवी आहे. तिनं काहीही आश्चर्य न दाखवता खणातून शिक्का काढला आणि तिन्ही प्रतींवर तारखेसकट धाडधाड मारला. नाना परतीच्या बसमध्ये ती पोच खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. "इथली माणसं आपलीच आहेत," ते म्हणाले. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

बाल्कनीतून बाल्कनीत बोलता बोलता आमच्या खालच्या मजल्यावरच्या फ्राउ केस्लर या प्रकरणात ओढल्या गेल्या. वय पंचाहत्तर, मूळच्या जर्मनीच्या पश्चिमेकडच्या रूर भागातल्या, मुलामागे बायर्नला आलेल्या. अर्ज महापौरांना का नाही दिला, असं त्यांनी विचारलं. मी नानांचं हार आणि सही भाषांतरून सांगितलं. त्यांनी हातातला विणकामाचा लोकरगुंडा खाली ठेवला.

"गेनाऊ, बरोबर," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे अगदी असंच होतं. मी वीस वर्षं श्टाटडिरेक्टरच्या ऑफिसात टायपिस्ट होते."

श्टाटडिरेक्टर म्हणजे शहराचा कारभारी. युद्धानंतर तो भाग इंग्रजांच्या ताब्यात होता, आणि त्यांनी तिथे आपली पद्धत रुजवली: महापौरानं साखळी गळ्यात घालून सभा चालवायची, कारभार मात्र नेमलेल्या अधिकाऱ्यानं बघायचा. नव्वदच्या दशकात ते मोडलं, दोन खुर्च्यांची एक झाली, आणि लोक महापौर थेट निवडू लागले. दक्षिणेत, आमच्या बायर्नमध्ये, हे आधीपासूनच तसं होतं. महापौरच सभेचा अध्यक्ष आणि तोच कचेरीचा मुख्य.

हे सगळं मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे इंग्रजांनी आमच्याकडे आयुक्त ठेवला आणि यांच्याकडे हा," ते म्हणाले. "एकाच सासूच्या दोन सुना आपण. विचार त्यांना, कागद किती दिवस टेबलावर राहायचा?" असे दोन निवृत्त टंकलेखक, मधे मी, आणि सप्टेंबरचं तिरकं ऊन. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत रंगलेल्या गप्पांमध्ये मी त्या दुपारी धरते, आणि त्या सगळ्या आवक-जावक नोंदवहीबद्दल होत्या.

फ्राउ केस्लरना जुन्या पद्धतीचा अभिमान होता. "आमचे साहेब रुक्ष होते. पण माणूस पत्र घेऊन आला की याच्या घरात मतं किती, असं त्यांनी कधी विचारलं नाही."

नाना म्हणाले, "आमच्यातल्या काही साहेबांनी, हा माणूस कोण, हेही विचारलं नाही."

मी दोन्ही वाक्यांचं भाषांतर करून दोघांच्या मधे ठेवलं होतं, आणि दोन्ही मला खरी वाटत होती. अजूनही वाटतात. निवडून आलेल्याला तुमची गरज असते म्हणून तो ऐकतो, नेमलेल्याला तुमची गरज नसते म्हणून तो सगळ्यांचं सारखं ऐकतो, किंवा सारखंच ऐकत नाही. कुठला बरा, ते तुम्ही बाकासाठी अर्ज केलाय की बाकाच्या रांगेत शेवटी उभे आहात त्यावर ठरतं बहुधा.

दरम्यान गावाला निवडणूक चढली होती. शनिवारच्या बाजारात तीन छत्र्या लागल्या. एकीखाली विद्यमान महापौर सफरचंदं वाटत होते, दुसरीखाली एक शाळामास्तरीण आपलं नाव छापलेले लाकडी कालथे देत होती (त्यातल्या एकानं मी आजही पोहे परतते, नाव कधीच पुसलं गेलं), तिसरीखाली एक तरुण उमेदवार इराला फुगा देऊन माझ्याशी बालवाडीच्या जागांवर बोलत होता. मला तेव्हा मताचा अधिकारही नव्हता, तरी मी तिघांकडे दोनदा गेले. तेवढ्यात महापौरांनी स्वतः येऊन नानांशी हात मिळवला आणि इंग्रजीत विचारलं, "मी तुमच्यासाठी काय करू शकतो?"

बोला नाना, बोला. बाक म्हणा.

नानांनी अदबीनं हात जोडले. "नथिंग, सर. आय हॅव ऑलरेडी रिटन टू युअर ऑफिसर." वर त्यांनी महापौरांबरोबर फोटो काढून घेतला आणि सफरचंदाबद्दल आभार मानले. महापौर हसत पुढच्या माणसाकडे वळले. बाकाचं का नाही बोललात, असं मी वाटेतच विचारलं. "अगं, हारवाल्या माणसाला कामात कशाला ओढायचं?" नाना म्हणाले. "त्यांनाच अवघड होतं."

पुढच्या आठवड्यात अधिकाऱ्यांचं पत्र आलं. चार ओळी, सभ्य. बाकांच्या जागा ठरवणं महापौरांच्या अखत्यारीत येतं, त्यांच्या भेटीच्या वेळेत जावं. नानांनी माझ्याकडून ते तीनदा वाचून घेतलं. "अधिकारी लिहितोय की अधिकार महापौरांचा आहे. आणि लेखी देतोय." असा कागद छत्तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेला नव्हता. त्यांनी तो घडी घालून पासपोर्टच्या पाकिटात ठेवला.

भेटीची वेळ मिळायच्या आधीच सभागृहात उमेदवारांची जाहीर चर्चा ठेवली होती. नाना इस्त्रीचा शर्ट घालून, वही-पेन घेऊन गेले, पहिल्या रांगेत बसले आणि सवयीनं उपस्थितांची संख्या टिपून ठेवली. ओल्या कोटांचा वास, घसा खाकरणारा माइक, मागे बिअरच्या बाटल्यांची किणकिण. शेवटी प्रेक्षकांना प्रश्न विचारायची मुभा मिळाली आणि माझ्या शेजारी नाना उभे राहिले. सबंध सभागृहानं मान वळवली. ते मराठीत, सावकाश, सभेत वाचून दाखवावं तसं बोलले, आणि मी जर्मन केलं: "समजा आपण निवडून आलात आणि एक बाक मंजूर केलात. तर तो अडवू शकेल असा माणूस आपल्या कचेरीत कोण आहे?"

लोक हसले. वाईट नाही हसले, पण हसले. महापौर म्हणाले, "कुणी नाही." तरुण उमेदवारानं खांदे उडवले. शाळामास्तरीण मात्र हसली नव्हती. ती म्हणाली, "कुणी नाही. म्हणूनच मी तो नाकारला, तर दुसऱ्या कुणाकडे जायचं नाही, माझ्याच दाराशी यायचं."

नानांनी दोन्ही उत्तरं वहीत उतरवली. बाहेर आल्यावर थंडीत त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. "कुणी नाही," ते म्हणाले. आम्ही घराच्या वळणाशी आलो तेव्हा म्हणाले, "बाईंना हे ऐकायला मिळायला हवं होतं."

आणि गुरुवारी बाक आला. मतदानाच्या तीन दिवस आधी, सकाळी, नगरपालिकेच्या नारिंगी कपड्यातल्या दोन माणसांनी चेस्टनटखाली कोऱ्या लाकडाचा बाक घट्ट बसवला. मला सायकलवरून दिसलं आणि मी मीटिंग बुडवून घरी परतले. नाना, फ्राउ केस्लर, शाळेतून आलेली इरा, अशी आमची वरात दुपारी निघाली. नाना भराभर चालत होते. भुयारी रस्ता, मग चढ, मग बाक. ते त्याच्यासमोर थांबले. पाठीवर हात फिरवला. स्क्रू तपासले.

"मतदान रविवारी ना?"

"हो."

"मग आत्ता नाही बसता येणार. आचारसंहिता."

मला वाटलं, ते चेष्टा करताहेत. मी सांगितलं, इथे तसलं काही नसतं, निवडणुकीच्या काळात कामं थांबत नाहीत. "इथे नसेल," नाना म्हणाले. "मला आहे." त्यांच्या नोकरीत आचारसंहिता लागली की कोनशिलेवरच्या नावांवर कागद चिकटवायचं काम त्यांच्याच खात्याकडे असायचं. महापौरांची गाडी जमा व्हायची. बाई त्या दिवशी रिक्षानं घरी गेल्या होत्या आणि रिक्षात बसताना नानांना म्हणाल्या होत्या, कागदावर लक्ष ठेवा. "मतदानाच्या तोंडावर दिलेली वस्तू वापरायची नाही. आयुष्यभर लोकांना हेच सांगितलं, आता गुडघा दुखतो म्हणून बदलू?"

"ओपा, झेट्झ दिश डोख," इरा म्हणाली. आजोबा, बसा ना. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं चेस्टनटचं खोड धरून ते उभेच राहिले. रिकामा बाक समोर, आणि माझे सासरे त्याच्याशेजारी एका पायावर भार देऊन उभे. मला हसावं की ओरडावं कळेना. फ्राउ केस्लर बाकावर बसल्या. तत्त्वतः त्या नानांशी सहमत आहेत, म्हणाल्या, पण त्यांचे पाय सहमत नाहीत.

मी उतावीळ बाई आहे. मी ते तीन दिवस मोजून काढले. रविवारी संध्याकाळी सहाला मतदान संपलं आणि आम्ही शाळेत मोजणी बघायला गेलो. इथे ती कुणालाही बघता येते. बालगीतांचे तक्ते लावलेल्या वर्गात एक पेटी टेबलावर पालथी केली, कागदांचा ढीग झाला, आणि गावातलीच आठ माणसं मतं लावू लागली. कोपऱ्यात कुणीतरी घरून केलेला सफरचंदाचा केक आणून ठेवला होता.

"पोलीस कुठे आहेत?" नानांनी कुजबुजत विचारलं.

"नाहीत."

"आणि गोंधळ झाला तर?"

"केक संपेल," मी म्हटलं.

पण उत्साहाच्या भरात मी एक गोष्ट विसरले होते. इथे निम्म्याहून जास्त मतं लागतात. महापौर पहिले आले, शाळामास्तरीण दुसरी, निम्म्यावर कुणीच नाही. पहिल्या दोघांत दोन आठवड्यांनी पुन्हा मतदान. मी नानांना ते सांगितलं. त्यांचं विमान मंगळवारचं होतं आणि व्हिसा त्याच आठवड्यात संपत होता.

"म्हणजे अजून लागू आहे," ते म्हणाले.

सोमवारी दुपारी ते एकटेच बाकापर्यंत गेले, आणि बाल्कनीतून मला ते हळूहळू परत येताना दिसले. विमानतळावर म्हणाले, "पुढच्या वर्षी येऊन बसेन. बाक काही कुठे जात नाही." दोन आठवड्यांनी मी त्यांना फोन केला. शाळामास्तरीण थोडक्या मतांनी निवडून आली होती. "बाई आली म्हणायची," नाना म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "सही तिचीच?" मी म्हटलं, तिचीच.

पुढच्या वर्षी सगळं जगच बंद झालं. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग हृदयाचं, मग डॉक्टरांचं लांबच्या प्रवासाला नको. मी त्या बाकावर शेकडो वेळा बसले असेन. लाकूड करडं झालं, कुणीतरी त्यावर बदाम कोरला. या नव्या बाईंचा कारभार मी जवळून पाहिला. काही कामं झपाट्यानं झाली. एकदा त्यांनी वाचनालयाची वेळ कमी केली तेव्हा गावातली निम्मी माणसं खरंच त्यांच्या दाराशी उभी राहिली, त्यांत मीही होते, इराही होती. ते दार त्यांनी उघडलं, एवढं मी सांगेन. निर्णय अर्धाच बदलला. फ्राउ केस्लर त्या दिवशी म्हणाल्या की त्यांच्या साहेबांनी मुळात असला निर्णय घेतलाच नसता, आणि घेतला असता तर कुणाला कळलाही नसता.

मी आता इथली नागरिक आहे. माझ्या नावाचं मतदानाचं पत्र फ्रिजवर चुंबकानं लावलंय आणि मी दिवसातून चारदा ते वाचते. येत्या रविवारी मी पहिल्यांदा मत देणार. आणि डॉक्टरांनी शेवटी आठ दिवसांपुरतं हो म्हटल्यामुळे नाना बुधवारी आले, व्हीलचेअरवरून, एक्क्याऐंशीव्या वर्षी, हातात काठी, पासपोर्टच्या पाकिटात ती जुनी चार ओळींची चिठ्ठी. विमानतळापासून घरापर्यंत त्यांनी खांबावरचे चेहरे बघितले. "बाई पुन्हा उभ्या आहेत का?" त्यांनी विचारलं. आहेत.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नव्हती. दोन आठवड्यांपूर्वी नगरपालिकेनं गावातले सगळे बाक रंगवले होते. गर्द हिरवे. निवडणुकीच्या तोंडावर. नानांना सांगू नये असं मी ठरवलं, मग सांगावं असं ठरवलं, मग ठरवणंच सोडून दिलं.

आज दुपारी आम्ही निघालो. वीस मिनिटांच्या निम्म्या वाटेला आता अर्धा तास लागतो. इरा त्यांच्या डाव्या बाजूला, दप्तर एका खांद्यावर. वारा दक्षिणेचा होता, डोंगर दिसत होते. चेस्टनटखाली पोचलो तेव्हा नानांना धाप लागली होती. त्यांनी बाकाच्या पाठीवर हात ठेवला, बोटांकडे पाहिलं, आणि वाकून वास घेतला.

"कधी लावला?"

"दोन आठवडे झाले," मी म्हटलं. माझ्याच्यानं खोटं बोलवलं नाही.

"मतदान रविवारी."

"हो."

"निम्म्याहून जास्त कुणाला नाही मिळाली तर?"

"अजून दोन आठवडे."

त्यांनी एकदा खांबावरच्या बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला, झटकला, बाकावर पसरला, काठी इराच्या हातात दिली आणि सावकाश, दोन्ही हातांनी आधार घेत बसले. पाठ टेकवली. डोळे मिटले. मी उभीच होते.

"पुढच्या मोसमाची वाट बघायला मला सहा वर्षं कोण देतंय," नाना म्हणाले, आणि शेजारची जागा हातानं थोपटली. "बस, केतकी. आणि इतिवृत्तात घेऊ नकोस."